विश्लेषण : एसीशिवाय घर थंड ठेवणारे लॉरी बेकर कोण होते? त्यांच्या विटांच्या भिंती आजच्या शहरांना काय शिकवतात?

इमारतीचे विजेचे बिल कधी सुरू होते? मीटर बसल्यावर, असेच उत्तर बहुतेक जण देतील. प्रत्यक्षात ते खूप आधी सुरू झालेले असते. वीटभट्टीत जळालेला कोळसा, सिमेंटच्या भट्टीतले इंधन, सळई बनवणाऱ्या कारखान्यातली वीज हे सगळे खर्ची पडल्यावरच घर उभे राहते. मग उन्हाळ्यात भिंती तापतात, पंखा पुरत नाही आणि एसी येतो. म्हणजे एकाच घराची ऊर्जेची बिले दोन. पहिले घर बांधतानाचे, दुसरे त्यात राहतानाचे.

ही दोन्ही बिले एकदम कमी करता येतात, हे केरळमध्ये एका वास्तुविशारदाने प्रत्यक्ष बांधून दाखवले. त्यासाठी त्याने कुठलीही महागडी यंत्रणा परदेशातून आणली नाही. वीट, चुना, कौले आणि वारा एवढ्यावर त्याने काम भागवले. त्याचे नाव लॉरी बेकर.

लॉरी बेकर कोण होते?

लॉरेन्स विल्फ्रेड बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला. तिथेच त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले आणि १९३७ मध्ये ते पदवीधर झाले. तरुणपणी ते क्वेकर पंथाकडे वळले. साधी राहणी आणि युद्धाला नकार ही या पंथाची ठळक ओळख. त्यामुळे दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा बेकर यांनी बंदूक हाती घेतली नाही. क्वेकरांच्या फ्रेंड्स ॲम्ब्युलन्स युनिटमध्ये दाखल होऊन ते वैद्यकीय मदतीसाठी चीनमध्ये गेले. तिथे त्यांनी कुष्ठरुग्णांची सेवाही केली.

चीनमध्ये तब्येत ढासळल्याने त्यांना मायदेशी परतण्यास सांगण्यात आले. परतीचा मार्ग भारतातून होता. बोटीची वाट पाहत त्यांना मुंबईत काही काळ थांबावे लागले आणि या मुक्कामाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

मुंबईत असे काय घडले?

मुंबईत बेकर ज्या क्वेकर स्नेह्याकडे उतरले होते, त्याचा महात्मा गांधींशी चांगला परिचय होता. त्यातून बेकर गांधीजींना भेटले. बेकर यांच्या पायात टाकाऊ कापडापासून हाताने बनवलेले बूट होते. ते गांधीजींच्या नजरेत भरले आणि तिथून बोलणे सुरू झाले, अशी आठवण बेकर पुढे सांगत असत.

त्या भेटींतून बेकर यांच्या मनात एक कल्पना कायमची रुजली. घर बांधायला लागणारे सामान घराभोवतीच्या पाच मैलांच्या परिघात मिळणारे असावे, ही ती कल्पना. आज ती ऐकायला भाबडी वाटेल. पण हिशेब मांडून पाहा. सामान जवळचे असेल तर वाहतुकीचे इंधन वाचते, स्थानिक कारागिराला ते हाताळता येते आणि दुरुस्तीसाठी बाहेरचा माणूस बोलवावा लागत नाही. पर्यावरणपूरक बांधकाम हा शब्दप्रयोग रूढ होण्याच्या कितीतरी आधी त्याचा पहिला नियम बेकर यांना असा मिळाला होता.

बेकर इंग्लंडला गेले खरे, पण तिथे रमले नाहीत. १९४५ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या मिशनचे वास्तुविशारद म्हणून ते भारतात परतले. कुष्ठरोगावर नवी औषधे येऊ लागली होती. रुग्णांना आयुष्यभर कोंडून ठेवणाऱ्या जुन्या वसाहतींचे रूपांतर उपचार करणाऱ्या रुग्णालयांत करायचे होते. त्यासाठी ते उत्तर प्रदेशातील फैजाबादला राहिले आणि देशभर फिरले.

शिकलेला वास्तुविशारद पुन्हा विद्यार्थी का झाला?

या फिरतीत बेकर यांच्या लक्षात आले की बर्मिंगहॅममध्ये शिकलेले बरेचसे ज्ञान इथे कुचकामी आहे. इथली जांभ्यासारखी माती, शेणाचा लेप, वाळवी, मुसळधार पाऊस यांबद्दल त्यांच्या पुस्तकांत काही नव्हते. जवळपासच्या साध्या घरांत मात्र या सगळ्यावर उत्तरे होती.

१९४८ मध्ये त्यांनी मूळच्या केरळच्या डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी लग्न केले. लग्नानंतर हे जोडपे हिमालयातील पिथौरागढला गेले आणि तिथेच राहिले. डोंगरावर त्यांनी घर आणि रुग्णालय उभे केले. एलिझाबेथ रुग्ण तपासत आणि बेकर पडेल ते काम करत. जवळजवळ १६ वर्षे ते तिथे होते.

डोंगरातली घरे पाहून बेकर थक्क झाले. जागेवरचा दगड, जवळच्या झाडाचे लाकूड, उताराच्या कलाने बसवलेली खोली, थंडीचा विचार करून ठेवलेली दारे-खिडक्या. यातले काहीही कुणा वास्तुविशारदाने काढून दिलेले नव्हते. शेकडो वर्षांच्या चुका आणि दुरुस्त्यांतून ते तयार झाले होते. लोकांच्या बांधकाम पद्धतीला मागास म्हणण्याऐवजी ती तशी का आहे हे आधी विचारायचे, ही सवय बेकर यांना इथे लागली. १९६३ मध्ये हे कुटुंब केरळमधील वागमोन या डोंगराळ भागात आले आणि १९७० च्या सुमारास तिरुवनंतपुरममध्ये स्थायिक झाले. तेव्हा बेकर पन्नाशी ओलांडलेले होते. आज त्यांचे जे काम जगभर अभ्यासले जाते, त्यातले बरेचसे त्यानंतरचे आहे.

तिरुवनंतपुरममध्ये त्यांनी काय बांधले?

शहर वाढत होते. सिमेंट आणि पोलाद महाग होते आणि पुरेसे मिळतही नव्हते. अशा वेळी अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांना सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संशोधन संस्थेसाठी संकुल हवे होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम बेकर यांच्याकडे आले. केरळचे तत्कालीन मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन यांचाही या प्रयोगाला पाठिंबा होता.

उल्लूर भागातील सुमारे १० एकरांच्या टेकडीवर हे संकुल उभे आहे. बेकर यांनी टेकडी सपाट केली नाही. इमारती उताराच्या कलाने वळवल्या आणि झाडे आडवी आली तिथे भिंतीला वळण दिले. मधोमध ग्रंथालयाचा उंच गोल मनोरा आहे. भिंतींना गिलावा नाही, विटा जशाच्या तशा दिसतात. खिडक्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी विटांच्या जाळ्या आहेत. एका ठिकाणी तळ्याजवळ उंच जाळीदार भिंत उभारून, हवेच्या दाबातील फरकाने गार वारा इमारतीतून खेळेल अशी रचना केली आहे. हे सगळे नेहमीच्या सरकारी बांधकामापेक्षा कमी खर्चात झाले.

याच शहरात बसस्थानकाजवळच्या इंडियन कॉफी हाऊसची गोल इमारत त्यांची आहे. आत वर चढत जाणारा उतार आणि त्याच्या कडेने टेबले, अशी तिची मांडणी. बेकर यांचे स्वतःचे घर नालंचिरा येथील खडकाळ टेकडीवर आहे. मोडलेल्या घरांची दारे, जुने लाकूड, रंगीत काचेच्या बाटल्या, असे टाकाऊ सामान त्यांनी त्यात वापरले.

रॅट-ट्रॅप बॉण्ड म्हणजे काय?

बेकर यांच्या नावाशी जोडली गेलेली ही पद्धत त्यांनी शोधलेली नाही. ती इंग्लंडमध्ये आधीपासून माहीत होती. भारतात तिचा प्रसार मात्र बेकर यांनी केला.

नेहमीच्या भिंतीत वीट आडवी, तिच्या रुंद बाजूवर ठेवतात. रॅट-ट्रॅपमध्ये ती कडेवर उभी करतात. दोन विटा समांतर आणि त्यांना जोडणारी एक वीट आडवी, असा क्रम चालतो. भिंतीची जाडी तीच, ९ इंच. पण मध्ये साधारण ३ इंचांची पोकळी राहते. उंदराच्या सापळ्यासारखी दिसते म्हणून हे नाव.

फायदे दोन. विटा साधारण पाव हिस्सा कमी लागतात आणि मसालाही वाचतो. हे बांधतानाचे बिल. दुसरे असे की पोकळीत अडकलेली हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. बाहेरची बाजू तापली तरी आतली बाजू त्या मानाने कमी तापते. हे राहतानाचे बिल. शिवाय भूकंपप्रवण भागात या पोकळीतून उभ्या सळया घेता येतात. पायाजवळचे, खिडकीखालचे आणि छताखालचे थर मात्र भरीव ठेवावे लागतात.

फिलर स्लॅबमध्ये नेमके काय वाचते?

इथे थोडे अभियांत्रिकीचे गणित आहे. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबवर वजन आले की तो किंचित वाकतो. वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र अगदीच कमी सोसते. म्हणून ताण घेण्यासाठी खाली सळया असतात. म्हणजे खालच्या भागातील काँक्रीटचे मुख्य काम सळया धरून ठेवणे आणि त्यांना गंजापासून वाचवणे एवढेच उरते. तरीही आपण तिथे पूर्ण भर टाकतो आणि त्या काँक्रीटचे वजन पुन्हा स्लॅबलाच पेलावे लागते.

बेकर यांनी सळयांच्या चौकटींमध्ये मंगळुरी कौले बसवली. दोन कौले एकावर एक ठेवली की मधे हवाही अडकते. काँक्रीट कमी लागते, स्लॅब हलका झाल्याने सळई कमी लागते, आणि छतातून उतरणारी उष्णता घटते. कौले खालून दिसत राहतात, म्हणून छताला वेगळ्या सजावटीची गरज पडत नाही.

सिमेंट वाचवणे इतके महत्त्वाचे का? सिमेंटचे क्लिंकर तयार करण्यासाठी भट्टी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. शिवाय चुनखडी तापली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण ७ ते ८ टक्के मानला जातो. म्हणून न वापरलेले पोते हीच इथली सर्वात मोठी बचत.

एक इशारा मात्र हवा. बाल्कनीसारख्या बाहेर झुकलेल्या स्लॅबमध्ये ताण वरच्या बाजूला येतो. तिथे हे गणित उलटते. त्यामुळे फिलर स्लॅब अभियंत्याच्या आराखड्याशिवाय करू नये.

जाळी, चुना आणि गोल भिंत कशासाठी?

बेकर प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारत. हे खरोखर लागते का?

खिडकीचे काम उजेड, वारा आणि बाहेरचे दृश्य देणे. यातले पहिले दोन हवे असतील तर विटा अंतराने रचून जाळी करता येते. चौकट, काच, गज, बिजागरी या सगळ्यांचा खर्च वाचतो. जाळीतून उजेड गाळून येतो, ऊन थेट आत येत नाही. तिरुवनंतपुरमच्या दमट हवेत घाम सुकायला वारा लागतो, आणि तो रात्रंदिवस मिळतो.

गिलावा आणि रंगावर बांधकाम खर्चाचा साधारण दहावा हिस्सा जातो, असा त्यांचा हिशेब होता. त्यानंतर दर काही वर्षांनी पुन्हा रंगकाम. म्हणून वीट नीट रचा आणि ती दिसू द्या, असा त्यांचा आग्रह. दारा-खिडक्यांवर काँक्रीटच्या लिंटेलऐवजी ते विटांची कमान करत. शक्य तिथे सिमेंटऐवजी चुना वापरत.

गोल भिंतींमागे हौस होती तसा हिशेबही होता. १०० चौरस मीटरची जागा चौकोनात घेतली तर भिंत ४० मीटर लागते. तेवढीच जागा वर्तुळात घेतली तर सुमारे ३५.४ मीटर. भिंतीची लांबी ११ टक्क्यांनी कमी झाली. वळणदार भिंत स्वतःच्या आकारामुळे स्थिर राहते, म्हणून ती पातळही करता येते.

बेकर यांची काम करण्याची पद्धत वेगळी कशी होती?

त्यांचे झगमगीत कार्यालय नव्हते. जुन्या पाकिटांच्या मागे ते आराखडे काढत. बरेचसे निर्णय जागेवर, गवंड्यांसोबत उभे राहून होत. अनेक कामांत वास्तुविशारद आणि ठेकेदार दोन्ही तेच असत. त्यामुळे बदल सुचला की तो लगेच करता येई.

यात पैशाचे गणितही दडलेले आहे. सिमेंट-पोलादावर केलेला खर्च दूरच्या कारखान्यात जातो. विटा रचण्यावर, कमानी बांधण्यावर केलेला खर्च गावातल्या गवंड्याच्या हाती पडतो. बेकर यांच्या घरांत सामानाचा खर्च घटे आणि मजुरीचा वाटा वाढे. हे त्यांनी जाणूनबुजून केले.

कमी खर्चाची घरे फक्त गरिबांसाठी, ही विभागणी त्यांना मान्य नव्हती. त्यांनी मच्छीमारांसाठी घरे बांधली, तशी प्राध्यापकांसाठी, धर्मगुरूंसाठी आणि सरकारी अधिकाऱ्यांसाठीही. सगळीकडे वीट तीच आणि काटकसरही तीच. सामान्यांना समजतील अशा छोट्या पुस्तिका त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतःच्या चित्रांसह तयार केल्या. मातीची घरे आणि खर्चकपात हे त्यांचे आवडते विषय. १९८५ मध्ये अच्युत मेनन, के. एन. राज आदींच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कॉस्टफोर्ड या संस्थेने त्यांचे तंत्र पुढे नेले.

मग अशी घरे सगळीकडे का दिसत नाहीत?

पहिले कारण कारागीर. रॅट-ट्रॅपची भिंत आणि उघडी वीट यांना नेटका हात लागतो. गिलावा चुका झाकतो. गिलावाच नसेल तर प्रत्येक वाकडी वीट दिसते. असे गवंडी तयार करायला वेळ लागतो.

दुसरे कारण प्रोत्साहन. वास्तुविशारदाचे शुल्क आणि ठेकेदाराचा नफा अनेकदा एकूण खर्चाच्या टक्केवारीत ठरतो. खर्च जितका कमी, तितके त्यांचे उत्पन्न कमी. मग बचत सुचवणार कोण?

तिसरे कारण प्रतिष्ठा. गिलावा नसलेले घर अपुरे राहिले आहे, पैसे संपले असावेत, असे शेजाऱ्यांना वाटते. आयुष्यात एकदाच घर बांधणाऱ्या कुटुंबाला हे बोलणे नको असते.

चौथे कारण खुद्द वीट. भाजलेल्या विटेलाही इंधन लागते आणि सुपीक माती खर्च होते. बेकर यांना याची जाणीव होती. म्हणूनच ते मातीच्या कच्च्या भिंतींचा पुरस्कार करत आणि एकही वीट वाया जाऊ नये यासाठी झटत.

पाचवे कारण सर्वात मोठे आहे. शहरातील जमीन. जिथे घराच्या किमतीत जमिनीचा वाटाच मोठा असतो, तिथे बांधकामातली बचत खरेदीदाराला किरकोळ वाटते. आणि भार पेलणाऱ्या विटांच्या भिंतींवर दोन-तीन मजले होतात, वीस होत नाहीत.

उंच इमारतींच्या शहरांना बेकर यांचा उपयोग काय?

बेकर यांची इमारत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. हवामान बदलले तर उत्तरही बदलते. तिरुवनंतपुरमची जाळी विदर्भातील मे महिन्याच्या कोरड्या झळांत लावली तर आत फुफाटाच येईल. तिथे दिवसा बंद ठेवता येणारी खिडकी आणि उष्णता उशिरा आत सोडणारी जाड भिंत हवी. बेकर यांनी स्वतः हिमालयात एक आणि केरळमध्ये दुसरे असेच केले होते.

तत्त्व मात्र उंच टॉवरलाही लागू होते. इमारतीचा सांगाडा काँक्रीटचा असला तरी मधल्या भिंती पोकळ किंवा हलक्या ठोकळ्यांच्या करता येतात. पश्चिमेच्या भिंतीवर सावली पाडता येते. काच कमी करता येते. समोरासमोर खिडक्या ठेवून वाऱ्याला वाट देता येते. उलट, पूर्ण काचेची इमारत ऊन आत घेते आणि मग एसी ती उष्णता स्वतः खाल्लेल्या विजेच्या उष्णतेसह बाहेर गल्लीत फेकतो. शेजारच्याचे घर आणखी तापते.

सरकारी नियमही आता याच दिशेने आले आहेत. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता मे २००७ मध्ये जाहीर झाली. घरांसाठीची इको निवास संहिता डिसेंबर २०१८ मध्ये आली. भिंती आणि खिडक्यांतून घरात सरासरी किती उष्णता शिरावी याची मर्यादा तिने घालून दिली. बहुतेक भारतासाठी ती प्रति चौरस मीटर १५ वॅट आहे. म्हणजे एसी किती तारांकित आहे याआधी भिंत कशी आहे, हा प्रश्न नियमांत आला. पण हे नियम मुख्यतः दुसऱ्या बिलाकडे, म्हणजे राहतानाच्या ऊर्जेकडे पाहतात. बांधताना किती सिमेंट आणि पोलाद गाडले, या पहिल्या बिलाचा हिशेब घर घेणाऱ्याला आजही कुणी देत नाही.

बेकर यांच्यानंतर काय उरले?

१९८८ मध्ये बेकर यांना भारतीय नागरिकत्व मिळाले. १९९० मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. १ एप्रिल २००७ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. इमारतींच्या ऊर्जेबाबतची देशाची पहिली संहिता त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच आली.

इमारत एकदा उभी राहिली की पन्नास-साठ वर्षे हलत नाही. पंखा बदलता येतो, एसी बदलता येतो. पश्चिमेला तोंड करून उभी असलेली काचेची भिंत बदलता येत नाही. आज वाढणारी शहरे पुढच्या दोन पिढ्यांचे विजेचे बिल आत्ताच लिहून ठेवत आहेत.

घर घेताना किंवा बांधताना बेकर यांच्या हिशेबातले चार प्रश्न तुम्हीही विचारू शकता.

• पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी सावली पडते का?
• समोरासमोर खिडक्या आहेत का, की वारा एकाच बाजूने येऊन थांबतो?
• भिंत कशाची आहे आणि तिच्या आत हवा अडकेल अशी पोकळी किंवा हलका ठोकळा आहे का?
• वरच्या मजल्यावर घर असेल तर छतातून येणारी उष्णता अडवण्यासाठी काय केले आहे?

नमुना फ्लॅटमधल्या फरशा आणि रंग पाहण्याआधी ही उत्तरे मिळाली, तर पुढचे अनेक उन्हाळे सोपे जातील.